शेअर्ड होस्टिंगवर पेज कॅश 'ऑन' आहे, तरी गर्दीत साईट का झोपते?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: तालुक्याच्या बातम्यांची वर्डप्रेस साईट, शेअर्ड होस्टिंगवर, सीपॅनलवाली (होस्टिंग सांभाळायचं कंट्रोल पॅनल). लाइटस्पीडचं कॅश प्लगिन (एकदा बनलेलं पान साठवून पुढच्यांना तेच देणारं) टाकलंय आणि ते 'ऑन' दाखवतंय. एरवी बरी चालते, पण दहावीच्या निकालाच्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास बातमी फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरली आणि साईटवर ५०८ नंबरचं 'रिसोर्स लिमिट इज रीच्ड' असं पांढरं पान यायला लागलं. होस्टिंगवाले म्हणतायत प्लॅन वाढवा. कॅश असूनही असं का होतं आणि सेटिंग नेमकं काय ठेवायचं?

मी गेली बरीच वर्षं असल्याच साईटी सांभाळतो, बातम्यांच्या, क्लासेसच्या, दुकानांच्या, बहुतेक सगळ्या स्वस्तातल्या शेअर्ड प्लॅनवरच्या. त्यामुळे सरळ सांगतो, प्लगिनच्या पानावर 'ऑन' लिहिलंय म्हणजे कॅश चालू आहे असं अजिबात समजू नका. वाचकाने लिंक दाबल्यावर पीएचपी (वर्डप्रेस ज्यात लिहिलंय ती भाषा, पान तीच बनवते) चाललं की नाही, एवढा एकच प्रश्न खरा, आणि त्याचं उत्तर प्लगिन देत नाही, ब्राउझर देतो. ते कसं ते पुढे सांगतो, आधी ५०८ का येतो ते बघू, नाहीतर सेटिंग डोक्यात बसणार नाही.

शेअर्ड होस्टिंगवर एका मशीनवर शेकडो लोकांच्या साईटी असतात आणि एकाने सगळं खाऊ नये म्हणून प्रत्येक अकाउंटला कुंपण घातलेलं असतं. ५०८ हा आकडा दिसला म्हणजे बहुतेक वेळा खाली क्लाउडलिनक्स (शेअर्ड होस्टिंगसाठीची सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम) आहे. त्यात सीपीयू, मेमरी, डिस्कचा वेग हे सगळं मोजतात, पण ५०८ ज्याने येतो ती गोष्ट म्हणजे 'एंट्री प्रोसेस'. एका क्षणाला तुमच्या अकाउंटवर किती पीएचपी रिक्वेस्टा एकदम चालू आहेत, त्याची मर्यादा. पुष्कळ प्लॅनवर ती २० असते, कुठे ३०. हे २० वाचक नव्हेत हं, २० एकाच वेळी शिजत असलेली पानं. हॉटेलात शेगड्या किती त्याचा हिशोब आहे, टेबलं किती त्याचा नाही.

आता गणित करून बघा. समजा तुम्हाला एका कोअरएवढा सीपीयू दिलाय आणि २० एंट्री प्रोसेस. बातम्यांच्या थीमचं एक पान, वर स्लायडर, खाली ब्रेकिंगची पट्टी, बाजूला सहा विजेट, हे बनवायला अर्धा सेकंद सीपीयू सहज जातो. म्हणजे सेकंदाला २ पानं बनतील. लिंक ग्रुपवर पडली आणि मिनिटाभरात ३०० जणांनी दाबली, म्हणजे सेकंदाला ५ आले. दोघांचं निस्तरलं, तिघे रांगेत. सातव्या सेकंदाला २० च्या २० जागा भरल्या आणि पुढच्या माणसाला ५०८. मग तो काय करतो, रिफ्रेश मारतो. एकदा नाही, पाचदा. झालं.

पेज कॅश याच्या मुळावर घाव घालते. पहिल्या माणसासाठी पान एकदा बनतं, त्याचं तयार एचटीएमएल ठेवून दिलं जातं, आणि पुढच्या २९९ जणांना तेच उचलून दिलं जातं. लाइटस्पीड हे मुळात वेब सर्व्हरचं, म्हणजे पानं वाचकाला पाठवणारं सॉफ्टवेअर, त्यात ही कॅश सर्व्हरच्या आतच असते, प्लगिन फक्त सर्व्हरला सांगतं की हे पान ठेव, इतका वेळ ठेव, ही बातमी बदलली की फेकून दे. त्यामुळे हिट आली, म्हणजे साठवलेलं पान मिळालं, तर पीएचपीला हाकच जात नाही आणि एंट्री प्रोसेस मोजलीच जात नाही. तीनशे काय, त्याच्या कितीतरी पट लोक त्याच प्लॅनवर निघून जातात. म्हणजे तुम्हाला ५०८ आला याचा अर्थ सरळ आहे, लोकांना हिट मिळतच नव्हती, किंवा हिट मिळूनही मागच्या दाराने पीएचपी चालत होतं. दोन्ही होतं, आणि दोन्ही मी पाहिलंय.

तपासायचं कसं: क्रोममध्ये इनकॉग्निटो विंडो उघडा (लॉगिन असलेल्या विंडोत तपासून काही उपयोग नाही, तुम्हाला वेगळंच पान मिळतं), एफ-१२ दाबा, नेटवर्क टॅब, मग तुमची बातमी उघडा आणि सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर बघा. तिथे 'एक्स-लाइटस्पीड-कॅश' नावाची ओळ शोधा. पहिल्या वेळी 'मिस' आली तर ठीक, पान आत्ता बनलं. लगेच दुसऱ्यांदा लोड केल्यावर 'हिट' यायलाच पाहिजे. परत मिस येत असेल तर पान साठतच नाहीये. आणि ती ओळच नसेल तर एकतर होस्टिंगवाल्यांनी कॅश मॉड्यूल चालू केलेलं नाही किंवा सर्व्हर लाइटस्पीड नाहीच, अपाची (तसंच दुसरं वेब सर्व्हर सॉफ्टवेअर) आहे. अपाचीवर हे प्लगिन इन्स्टॉल होतं, सगळी बटणं दिसतात, सीएसएस वगैरे बारीकसुद्धा करून देतं, फक्त पेज कॅश तेवढी करत नाही. कितीतरी लोक वर्षानुवर्षं असंच चालवतायत आणि खूश आहेत. अपाची निघालं तर डब्ल्यूपी सुपर कॅश हे दुसरं कॅश प्लगिन टाका आणि त्यात 'एक्सपर्ट' मोड निवडा, त्यात एचटी-अ‍ॅक्सेस फाइलमधल्या नियमांनी तयार फाइल थेट दिली जाते, पीएचपी लागत नाही. 'सिंपल' मोडमध्ये थोडंसं पीएचपी चालतं पण डेटाबेसपर्यंत जात नाही, तेही पुष्कळ बरं. फक्त एक करा, दोन कॅश प्लगिन एकत्र ठेवू नका. वर्डप्रेसमध्ये 'अ‍ॅडव्हान्स्ड-कॅश' नावाची फाइल ठेवायला जागा एकच असते, जुनं प्लगिन काढताना ती बऱ्याचदा तशीच राहते आणि मग नवं प्लगिन का चालत नाही म्हणून लोक डोकं धरून बसतात. फाइल मॅनेजरमध्ये डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर उघडून एकदा बघून घ्या.

आता फेसबुक. तुमचं अर्धं दुखणं मला इथेच वाटतंय. फेसबुकवरून कुणी लिंक दाबली की फेसबुक पत्त्याच्या शेवटी 'एफबीक्लिड' नावाचं एक लांबलचक शेपूट लावतं आणि ते प्रत्येक क्लिकला वेगळं असतं. कॅशच्या दृष्टीने पत्ता वेगळा म्हणजे पान वेगळं. म्हणजे फेसबुकवरून ५०० लोक आले तर ५०० मिस, एकच बातमी ५०० वेळा शिजली. व्हॉट्सअ‍ॅप असं शेपूट लावत नाही, पण कुणी फेसबुकवरची लिंक शेपटासकट कॉपी करून ग्रुपवर टाकली तर ते शेपूट सगळ्यांना सारखंच जातं, त्यामुळे तिथे एकदाच मिस येते, त्याची चिंता नाही. प्लगिनमध्ये कॅशच्या पानावर 'ड्रॉप क्वेरी स्ट्रिंग' नावाचा एक चौकोन आहे, त्यात एफबीक्लिड, जीक्लिड, यूटीएम (शेवटची दोन गूगल जाहिराती आणि प्रचाराच्या लिंकांची शेपटं) ही नावं असली पाहिजेत. साधारणपणे ती मुळातूनच भरलेली येतात, पण जुन्या साईटवरून सेटिंग इम्पोर्ट केलेलं असेल किंवा कुणीतरी 'साफसफाई' केली असेल तर चौकोन रिकामा सापडतो. पत्त्याच्या शेवटी मुद्दाम प्रश्नचिन्ह, एफबीक्लिड, बरोबरचं चिन्ह आणि काहीतरी आकडे टाकून इनकॉग्निटोत उघडा. आकडे बदलून परत उघडा. दोन्हीला हिट आली पाहिजे.

दुसरं, मागचं दार. बातम्यांच्या आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येक साईटवर 'ही बातमी इतक्या जणांनी वाचली' असा आकडा असतो. पान कॅशमधून गेलं तर पीएचपी चालत नाही, मग आकडा वाढणार कसा? म्हणून काउंटरवाली प्लगिनं पान उघडल्यावर गुपचूप मागून एक रिक्वेस्ट पाठवतात, अ‍ॅडमिन-एजॅक्स फाइलकडे. आणि ती रिक्वेस्ट कॅशमधून जात नाही, तिच्यासाठी अख्खं वर्डप्रेस उठून बसतं, सगळी प्लगिनं लोड होतात, डेटाबेसमध्ये एक आकडा वाढवतं आणि परत झोपतं. म्हणजे पान हिट आहे, हेडरमध्ये हिट दिसतंय, तुम्ही निश्चिंत, आणि प्रत्येक वाचकामागे एक एंट्री प्रोसेस जातेच आहे. मला एका साईटवर हे सापडायला दोन दिवस लागले होते, कारण मी नेटवर्क टॅबमधली फक्त पहिली ओळ बघत होतो. खाली स्क्रोल केलं तर तिथे निवांत बसलेलं होतं. नेटवर्क टॅबमध्ये वर 'फेच / एक्सएचआर' असा फिल्टर आहे तो लावा, अ‍ॅडमिन-एजॅक्स दिसलं की कुठल्या प्लगिनचं आहे ते शोधा आणि काढून टाका. वाचक मोजायला गूगल अ‍ॅनालिटिक्स आहेच, त्याचा भार तुमच्या सर्व्हरवर नाही. मालकाला आकडा दाखवायची हौस असते हे मला माहितीये, पण तो आकडा दाखवण्यापायीच साईट बंद पडते हे त्यांना एकदा दाखवा, पटतं. लाइव्ह स्कोअर, पोल, 'संबंधित बातम्या' मागून आणणारे विजेट, हेही सगळे त्याच जातीचे.

तिसरं म्हणजे पर्ज, कॅश कधी रिकामी करायची ते. बातमी टाकली की होमपेज, त्या विभागाचं पान, लेखकाचं पान एवढं नवं व्हायला हवं आणि प्लगिन ते आपोआप करतं. पण 'ऑटो पर्ज' च्या यादीत 'ऑल पेजेस' वर टिक असेल तर दर बातमीमागे सगळीच्या सगळी कॅश रिकामी होते. दिवसाला ३०-४० बातम्या टाकणाऱ्या साईटवर हे म्हणजे भरलेला हंडा दर अर्ध्या तासाने ओतून देण्यासारखं आहे, आणि ओततो कधी, तर नवी बातमी टाकून लिंक शेअर केली त्याच क्षणी, म्हणजे गर्दी यायच्या बरोब्बर आधी. ती टिक काढा. 'सर्व्ह स्टेल' नावाचं एक बटण आहे ते चालू करा, म्हणजे नवं पान बनेपर्यंत लोकांना जुनं दिलं जातं, सगळे एकदम पीएचपीवर तुटून पडत नाहीत. आणि ऑफिसमधल्या पोरांना एक सवय लावा: बातमी पब्लिश केली की आधी स्वतः इनकॉग्निटोत एकदा उघडायची, मगच ग्रुपवर टाकायची. दहा सेकंदांचं काम आहे, त्या एका उघडण्यात पान बनून साठतं आणि पहिल्या लाटेलाच हिट मिळते. प्लगिनमधलं क्रॉलर हेच काम आपोआप करतं, पण बहुतेक शेअर्ड होस्टिंगवाले ते बंद ठेवतात आणि त्यांचंही बरोबर आहे.

वेळ किती ठेवायचा हा प्रश्न सगळे विचारतात, पण तो त्यामानाने बिनमहत्त्वाचा आहे. लाइटस्पीडमध्ये पब्लिक कॅशचा वेळ मुळात ६०४८०० सेकंद असतो, म्हणजे ७ दिवस, आणि पर्ज नीट चालत असेल तर तो तसाच राहू द्या. अपवाद फॉर्म असलेल्या पानांचा. वर्डप्रेस फॉर्ममध्ये नॉन्स नावाची एक चिठ्ठी घालतं, तिचं आयुष्य १२ ते २४ तासांचं. पान ७ दिवस साठवलं तर तिसऱ्या दिवशी फॉर्म भरणाऱ्याला शिळी चिठ्ठी मिळते आणि 'सिक्युरिटी चेक फेल' असं काहीतरी येतं, तुम्हाला मात्र लॉगिन असल्यामुळे सगळं ठीक दिसतं. जाहिरातीची चौकशी, वाचकांची पत्रं असली पानं कॅशमधून वगळा किंवा त्यांचा वेळ ८-१० तासांवर आणा. आणि ब्राउझर कॅश ही वेगळी चीज आहे, ती चित्रं आणि सीएसएससाठी लांब ठेवा, बातमीच्या एचटीएमएलला लावू नका, नाहीतर वाचकाच्या फोनमध्ये सकाळचं होमपेज संध्याकाळपर्यंत चिकटून बसतं आणि तिथे तुमचं पर्जचं बटण पोचत नाही.

कॅश चांगली चालायला लागली की एक नवीनच तक्रार येते, शेड्युल करून ठेवलेल्या बातम्या पडत नाहीत. सकाळी सहाची राशिभविष्याची पोस्ट आठलाही 'मिस्ड शेड्युल'. कारण गमतीशीर आहे. वर्डप्रेसचं घड्याळ स्वतःचं नाहीये, कुणीतरी पान उघडलं आणि पीएचपी चाललं की ते तेवढ्यात बघून घेतं की काही करायचं राहिलंय का. आता पीएचपीच चालत नाही तर बघणार कोण! डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमध्ये वर्डप्रेसचा आतला क्रॉन, म्हणजे हेच ठरल्या वेळी कामं करणारं घड्याळ, बंद करा (डिसेबल डब्ल्यूपी क्रॉन या नावाचा कॉन्स्टंट ट्रू करायचा) आणि सीपॅनलच्या 'क्रॉन जॉब्स' मधून दर १०-१५ मिनिटांनी डब्ल्यूपी-क्रॉन फाइल चालवा. याने घड्याळही लागतं आणि गर्दीच्या वेळी मधेच क्रॉन उठून एंट्री प्रोसेस खाणंही थांबतं.

मोबाइलची वेगळी कॅश हवी का? थीम रिस्पॉन्सिव्ह (स्क्रीनप्रमाणे आपोआप जुळवून घेणारी) असेल तर नको, एकच एचटीएमएल दोन्हीकडे चालतं, उगाच प्रत्येक पान दोनदा शिजेल. मोबाइलला खरंच वेगळं एचटीएमएल जात असेल तरच ते बटण. सीएसएस-जेएस एकत्र करणे वगैरे बटणांना सध्या हात लावू नका, तो पेज कॅशचा भाग नाही, थीम मोडते आणि दोष कॅशला जातो. ऑब्जेक्ट कॅशही (डेटाबेसची उत्तरं साठवणारी) सध्या राहू दे, होस्टिंगवाल्यांनी त्यासाठी स्वतः रेडिस हे सॉफ्टवेअर दिलं असेल तर नंतर बघू.

मराठी साईट म्हणून एक जादा मुद्दा. पोस्टचा पत्ता तुम्ही देवनागरीतच राहू देताय असं धरून चालतो. पत्त्यात देवनागरीचं प्रत्येक अक्षर, काना-मात्रासुद्धा वेगळे धरून, टक्केवाल्या रूपात ९ अक्षरांचं होतं आणि वर्डप्रेस तो तुकडा २०० अक्षरांवर कापतं, म्हणजे तुमच्या मथळ्याची जेमतेम २२ चिन्हं उरतात. 'सोलापूर जिल्ह्याचा दहावीचा निकाल' मधला 'निकाल' पत्त्यात पोचतच नाही. फाइलवर चालणाऱ्या कॅशमध्ये (डब्ल्यूपी सुपर कॅशसारख्या) असल्या लांब टक्केवाल्या पत्त्यांवर हिट येतेय का ते रोमन पत्त्यापेक्षा वेगळं तपासून घ्या, होमपेजवर हिट आली म्हणून खूश होऊ नका. नव्या पोस्टना छोटा रोमन पत्ता द्या. जुन्यांना हात लावू नका, फिरलेल्या लिंका मेल्या तर आणखी ४०४ ('पान सापडलं नाही') वाढतील, आणि ४०४ सुद्धा पीएचपीच बनवतं.

त्यावरून आठवलं, एक्सएमएल-आरपीसी नावाची फाइल (बाहेरच्या अ‍ॅपमधून साईट चालवायची) आणि लॉगिनचं पान यांच्यावर बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्रॅम, दिवसरात्र डोकं आपटत असतात. त्या 'पोस्ट' प्रकारच्या, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या रिक्वेस्टा असतात, कॅश होत नाहीत. एक्सएमएल-आरपीसी वापरत नसाल तर एचटी-अ‍ॅक्सेसमधून बंदच करा. निकालाच्या दिवशी २० पैकी ५ जागा बॉटनीच अडवलेल्या असू शकतात.

आता मी स्वतः केलेला घोळ सांगतो, कारण कॅश 'जास्त' लावण्याचा मोह तुम्हालाही होणार आहे. एका आंबा बागायतदाराची ऑर्डर घ्यायची साईट होती, वूकॉमर्सवर (वर्डप्रेसचं दुकानाचं प्लगिन). अक्षय तृतीयेच्या आधीचा आठवडा म्हणजे पेट्यांची नुसती झुंबड, साईट अडखळायला लागली म्हणून मी रात्री पुढे लावलेल्या सीडीएनवर (साईटच्या प्रती ठेवून वाचकाला जवळून देणारं सर्व्हरांचं जाळं) 'सगळं कॅश कर' असा नियम टाकला आणि झोपलो. साईट काय पळायला लागली म्हणून सांगू. सकाळी बागायतदारांचा फोन, "अहो, पुण्याच्या एक बाई म्हणतायत, पैसे भरायच्या पानावर भलत्याच माणसाचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर दिसतोय." हातपाय गार पडले. रात्री पहिल्यांदा ज्याने चेकआउट उघडलं त्याचं भरलेलं पान साठलं आणि पुढच्या सगळ्यांना तेच दाखवलं जात होतं. नियम काढला, सगळीकडची कॅश रिकामी केली, बागायतदारांनी त्या गृहस्थांना फोन करून माफी मागितली, माझ्या चुकीची. सर्व्हरवरची कॅश प्लगिनं कार्ट, चेकआउट आणि माझं-खातं ही पानं आपणहून वगळतात, पण सीडीएनला तुम्ही डोळे मिटून 'सगळं' म्हणालात तर तो सगळंच करतो. तुमच्या साईटवर दुकान नाही, पण ई-पेपरचं वर्गणीदार लॉगिन कधी सुरू केलंत तर दोन वेगळ्या फोनवरून, दोन वेगळ्या खात्यांनी उघडून तपासल्याशिवाय लोकांना लिंक देऊ नका.

होस्टिंगवाल्यांचं 'प्लॅन वाढवा' हे दरवेळी लबाडीचंच असतं असं नाही. लॉगिन करून वापरायची साईट असेल, क्लासेसची, सभासदांची, तर प्रत्येकाचं पान वेगळं असतं, तिथे पब्लिक कॅश फारसं काही करत नाही आणि खरंच मोठा प्लॅन किंवा स्वतःचा छोटा सर्व्हर लागतो. पण तुमच्याकडे शेकडा नव्याण्णव लोक तेच ते पान बिनलॉगिनचं वाचतायत, तुम्हाला इतक्यात गरज नाही. सर्व्हर कुठे आहे तेवढं मात्र विचारून घ्या. अमेरिकेत असेल तर इथून एका फेरीलाच दोनशे-अडीचशे मिलिसेकंद जातात, आणि पान येण्याआधी अशा दोन-तीन फेऱ्या होतात, ते वरच्या कुठल्याच सेटिंगने कमी होत नाही. त्याच पैशात मुंबईतला सर्व्हर मिळत असेल तर तो घ्या.

आज रात्री वाचक कमी असताना काउंटर काढा, ड्रॉप क्वेरी स्ट्रिंग बघा, ऑल पेजेसवरची टिक काढा, क्रॉन लावा. लोड टेस्टची वेबसाईट लावून मारा करू नका, होस्टिंगवाले अकाउंटच बंद करतील. मग सीपॅनलमध्ये 'रिसोर्स युसेज' उघडा, तिथे एंट्री प्रोसेसचा आलेख असतो आणि मर्यादा किती वेळा ओलांडली त्याचे फॉल्टही दिसतात. निकालाच्या दिवसाचा आलेख आणि येत्या कुठल्याही गर्दीच्या दिवसाचा आलेख शेजारी ठेवा. वाचक तेवढेच असून दुसरा आलेख जमिनीला टेकलेला दिसला पाहिजे. नाही टेकला तर त्या वेळच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये (प्रत्येक रिक्वेस्टची नोंद असलेल्या फाइलमध्ये) कुठल्या पत्त्यावर सगळ्यात जास्त रिक्वेस्टा आल्यात ते काढा आणि मला सांगा, पुढचं तिथून शोधू.